करंजीचे गणित

“मामा, या करंजीत उष्मांक किती हो?” दिवाळीला शहापूरला आलेल्या भाचीने विचारले.

तुपाच्या ग्रॅमला ९, साखरेच्या ४; पण तळताना करंजी तूप किती प्याली, ते कोण सांगणार?

मी शाळामास्तर, मला दुसराच हिशेब आठवला. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेतल्या खिचडीतून रोज ४५० उष्मांक मिळावेत, असा सरकारी दंडक आहे. दिवाळीच्या सुट्टीत मात्र ती चूल थंड! आणि दिवाळी सरली, की शहापूर-मुरबाडकडची कातकरी पोरे आईबापांमागे वीटभट्टीवर जातात. तिथल्या ताटातले उष्मांक कोण मोजतो?

फराळाभोवती बसून आकडे मोजणाऱ्यांनो, खुशाल मोजा! पण भरल्या ताटाआधी रिकामे ताट मोजायला शिका.