अज्ञात वाहन

वीस वर्षं तालुक्याच्या गावात पत्रकारिता करतोय. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी ठार' ही बातमी इतक्यांदा लिहिलीय की आता फक्त नाव, वय आणि गाव बदलायचं बाकी असतं. गेल्या आठवड्यात पुन्हा चार ओळी लिहिल्या. भाजीची पिशवी घेऊन हायवे ओलांडणाऱ्या एक मावशी. वाहन अज्ञातच.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती. म्हणजे रोज नव्वदेक.

आमच्या गावातून हायवे जातो. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला एसटी स्टँड. गाड्या ऐंशीने सुटतात. वेग चाळीसवरून ऐंशीवर गेला की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. हे साधं विज्ञान आहे.

म्हणून मी म्हणतो, इथे स्पीड कॅमेरा बसवा. लगेच कॉमेंट येणार, 'ही वसुली आहे!' शंका चुकीची नाही. चलन मलाही आलंय, दोन दिवस चिडचिड झाली. पण खरं सांगू? त्यानंतर त्या टप्प्यावर माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

शिवाय कॅमेऱ्याला 'साहेब, आपलाच माणूस आहे' असा फोन लावता येत नाही. नाक्यावर हे रोज चालतं, तुम्हालाही माहितीय.

कायद्यात सोय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६-अ खाली २०२१ मध्ये नियम आले. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या जास्त धोक्याच्या टप्प्यांवर कॅमेरे लावायचे, आधी सूचनेचा फलक लावायचा, चलनाची नोटीस १५ दिवसांत पाठवायची. लपून पकडायचं नाही. फलक बघून कुणी वेग कमी केला तर उत्तमच, तेच तर हवंय!

नुसत्या कॅमेऱ्याने भागणार नाही हेही मान्य. झेब्रा पट्टे, फुटपाथ, दिवे हवेतच. आणि नंबर प्लेट झाकून फिरणारे दादा-भाऊही पकडायला हवेत, नाहीतर दंड फक्त सरळमार्गी माणसालाच.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. गावातल्यांनी या. मला पाचवी ओळ लिहायची आहे : 'या ठिकाणी वर्षभरात एकही बळी नाही.'