पावसाआधी माळ्यावरची ट्रंक उतरवा

लखनौतल्या मराठी घरांनो, हे आवाहन तुम्हाला आहे आणि ते आजच वाचा. जूनच्या उत्तरार्धात इथं पाऊस लागेल. त्याच्या आत माळ्यावरची ट्रंक खाली काढा.

चारबाग, ऐशबाग, कैसरबागेकडची जुनी घरं मोकळी होत आहेत. आजी-आजोबा गेले. मुलं पुण्याला, बंगळुरूला, त्याहूनही लांब. घर आवरायला जेमतेम चार दिवसांची रजा मिळते. भांडी वाटून होतात, कपाटं विकली जातात, आणि कागद किलोच्या भावानं कबाड्याच्या हातगाडीवर चढतात. एकदा ती गाडी गल्लीच्या टोकाला वळली की काहीही परत येत नाही.

थांबवा ती गाडी. आधी बघा आत काय आहे.

डिसेंबर 1916 मध्ये लोकमान्य टिळक काँग्रेसच्या अधिवेशनासाठी लखनौला आले. स्टेशनाबाहेर तरुणांनी त्यांना घोडागाडीत बसवलं, घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत नेली. रामप्रसाद बिस्मिल त्या तरुणांत होते. दहा वर्षांनी, 1926 मध्ये, पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या पुढाकारानं इथं संगीताचं मॅरिस कॉलेज उघडलं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते पुढं अनेक वर्षं सांभाळलं. त्या काळात रेल्वेत, कचेऱ्यांत, शाळांत नोकरीला आलेल्या मराठी माणसांनी गावी पत्रं लिहिली असतील, हिशेब ठेवले असतील. गाणं शिकणाऱ्यांनी वहीत बंदिशींची स्वरलिपी उतरवली असेल. ती वही कदाचित तुमच्याच घरी आहे. तिची दुसरी प्रत जगात कुठंही नाही.

मोडी लिपी वाचता येत नाही म्हणून गठ्ठा टाकू नका! वाचणारे आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात 1910 पासून हेच काम चालू आहे. पुष्पक एक्सप्रेसनं मुंबईला निघालात तर तो गठ्ठा बरोबर घ्या आणि पुढं पुण्याला पोचवा.

कागद टिकेल या भरवशावर मात्र राहू नका. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असतं. ते आतून कागद खातं. इथला मे महिना त्याला भाजतो, मग श्रावणातली दमट हवा बुरशी आणते. वाळवी आणि कसर उरलेलं काम संपवतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र आज उघडताना घडीवर तुटतं, हे तुम्ही पाहिलं असेल. पुढच्या वर्षी बघू म्हणालात तर घडीच्या जागी भुगा मिळेल.

म्हणून ग्रंथालयांनी मायक्रोफिल्मची वाट धरली. पानाचा अगदी बारीक फोटो फिल्मवर घेतात. वर्तमानपत्राची शेकडो पानं एका रिळात मावतात. पॉलिएस्टरची फिल्म नीट धुवून थंड, कोरड्या खोलीत ठेवली तर ती 500 वर्षं टिकेल असं जाणकार मानतात. वाचायला भिंग आणि उजेड पुरतो. मोबाइलवर फोटो काढाच, आजच काढा. पण फोन हरवतो, फाइल उघडेनाशी होते, पासवर्ड माणसाबरोबर जातो. अस्सल कागद, फिल्म आणि फोटो, तिन्ही वेगवेगळ्या जागी असू द्या.

हे किती मोलाचं ठरतं ते तमिळ लोकांनी दाखवलं आहे. कोट्टैयूर गावच्या रोजा मुत्तय्या यांनी आयुष्यभर तमिळ पुस्तकं, मासिकं, नाटकाच्या जाहिराती, साध्या निमंत्रणपत्रिकासुद्धा जमवल्या. ते 1992 मध्ये गेले. तो संग्रह विखुरला असता. शिकागो विद्यापीठानं तो घेतला आणि भारतातच ठेवला. 1994 मध्ये चेन्नईत त्याचं ग्रंथालय उभं राहिलं, पानं मायक्रोफिल्मवर गेली. आज तमिळ समाजाचा अभ्यास करणारा तिथं गेल्याशिवाय राहत नाही. एका माणसानं रद्दी म्हणायचं नाकारलं, त्यातून हे झालं. तुमच्याकडूनही तेवढंच हवं आहे.

आणखी एक धोका आहे, आणि तो मला जास्त सतावतो. तयार फिल्मही मरते आहे. जुनी रिळं अ‍ॅसिटेटची आहेत. उष्ण, दमट खोलीत ती कुजतात आणि डबा उघडला की सिरक्याच्या बाटलीसारखा भपकारा येतो. एका रिळाची वाफ शेजारच्या रिळाला लागते. वाचनयंत्राचा दिवा जातो, कुणी मागत नाही म्हणून नवा येत नाही, आणि एक दिवस यंत्र अडगळीत जातं. मागणारा नसेल तर ग्रंथपाल एकटा किती लढणार?

तेव्हा तुम्ही मागा. ग्रंथालयात जा आणि जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म आहे का, ते विचारा. पीएचडी करणाऱ्या मुलीला सोबत न्या. दिल्लीला तीन मूर्तीच्या ग्रंथालयात अशी रिळं फिरवून अभ्यासकांनी आपला इतिहास लिहिला आहे. तुमच्या नातवंडांचा अभ्यास या रिळांशिवाय अडेल. बंद यंत्राबद्दल लेखी मागणी द्या. वास येणारं रीळ दिसलं तर तिथंच सांगा, वेगळं ठेवायला लावा, नवी प्रत करायला लावा.

घरी आल्यावर ट्रंकेकडे वळा. चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन करू नका. टाचण्या आणि गंजलेल्या क्लिपा हलक्या हातानं काढा. कुणी, कुणाला, कधी लिहिलं ते आईला विचारा, कारण ते तिलाच माहीत आहे, आणि वेगळ्या कागदावर पेन्सिलनं लिहून ठेवा. कागद ओले किंवा बुरशीचे असतील तर स्वतः काही करू नका. कागद वाचवण्याचं शास्त्र जाणणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा आपल्याच शहरात, अलीगंजला आहे. तिथं सल्ला विचारा. राज्याचं अभिलेखागारही लखनौतच आहे. कागद कायमचे द्यायचे नसतील तर फक्त प्रत करून घ्याल का, एवढं तिथं विचारून बघा.

या रविवारी घरातल्या सगळ्यांना बसवा, ट्रंक उघडा, आणि सोमवारी अभिलेखागाराला एक फोन करा.