रात्रपाळीनंतरचा रविवार

तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करून बोईसरला परतलेला कामगार तसाच मिस्साला उभा राहतो आणि प्रवचनात त्याचे डोळे मिटतात. याला श्रद्धेची उणीव म्हणायला आम्ही तयार नाही. (प्रवचन लांबलं असेल तर मुळीच नाही!) येशू स्वतः नाझरेथचा सुतार. लूक सांगतो, त्याने कार्य आरंभलं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीच्या आयुष्याबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ गप्प आहेत. आम्हाला हीच वर्षं जवळची वाटतात. करवत, घाम, आईच्या हातचं जेवण. देव तिथेही होताच की.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून शास्त्र साध्या मराठीत घरात आणलं. पण पुस्तक कपाटात आणि प्रश्न मनात, असं आपलं चालतं. म्हणून या अंकापासून मार्कचं शुभवर्तमान वाचायला घेतोय. सोळाच अध्याय, डहाणू लोकलमध्ये बसायला मिळालं तर सहज होतील. वाचताना अडलेलं बिनधास्त लिहून पाठवा. सुट्टी न मिळाल्याने रविवार बुडाला तर काय, हेही विचारा.