रिसीव्हर घेताय? डब्यावरचं नाव बघा, पण मालक कोण तेही बघा

सप्टेंबर २०२५ मध्ये टीव्ही घेणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी आली. २२ तारखेपासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ४३ इंची घ्यायला निघालेले बरेच जण ५५ इंचीसमोर थांबून विचार करू लागले. टीव्ही घरी आला, भिंतीवर लागला, पहिला सिनेमा लावला आणि मग लक्षात आलं की चित्र थिएटरसारखं आहे, आवाज मात्र डब्यात कोंडल्यासारखा. यात टीव्हीचा दोष नाही. दोन बोटं जाडीच्या पॅनेलमध्ये मोठा स्पीकर मावणार कुठे?

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली, जिच्याकडे आपल्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. सॅमसंगच्या मालकीच्या हरमन या कंपनीने साउंड युनायटेड हा ऑडिओ व्यवसाय विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला. या व्यवसायात डेनॉन, मरांट्झ, पोल्क आणि बॉवर्स अँड विल्किन्स ही नावं येतात. म्हणजे होम थिएटरसाठी रिसीव्हर शोधताना ज्या दोन नावांवर हमखास क्लिक होतं, ती दोन्ही आता सॅमसंगच्या घरात आहेत.

याने तुमच्या खरेदीत काय फरक पडतो? थोडा पडतो. तो कुठे पडतो आणि कुठे पडत नाही, तेच आज बघू.

रिसीव्हर नक्की करतो काय?

एव्ही रिसीव्हर म्हणजे एका खोक्यातली तीन कामं. एक, टीव्ही स्टिक, गेमिंग कन्सोल, सेट टॉप बॉक्स अशा सगळ्यांच्या एचडीएमआय केबल एका जागी घेणं. दोन, डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये बांधून आलेला आवाज सोडवून कुठल्या स्पीकरला काय द्यायचं ते ठरवणं. तीन, प्रत्येक स्पीकरला पुरेशी ताकद देणं, म्हणजे अॅम्प्लिफायर.

साउंडबारमध्ये हे सगळं स्पीकरसकट एकाच पट्टीत असतं. सोपं असतं, पण एक भाग बिघडला किंवा जुना झाला की बहुतेक वेळा अख्खी पट्टीच बदलावी लागते. रिसीव्हरच्या बाबतीत स्पीकर वेगळे, सबवूफर वेगळा. आज दोन स्पीकर घ्या, पुढच्या बोनसला सेंटर, त्याच्या पुढच्या वर्षी मागचे दोन. चांगले स्पीकर पंधरा-वीस वर्षं सहज चालतात. रिसीव्हर मात्र त्यामानाने लवकर जुना होतो, कारण त्यात एचडीएमआय आणि सॉफ्टवेअर असतं. हा फरक लक्षात ठेवा, पैसे कुठे घालायचे ते यावरूनच ठरणार आहे.

या धंद्यात एवढी उलथापालथ का?

डेनॉन आणि मरांट्झ २००२ मध्ये एका छताखाली आले. २०१७ मध्ये त्यांना साउंड युनायटेडने घेतलं. २०२२ मध्ये साउंड युनायटेडलाच मासिमोने घेतलं, सुमारे १ अब्ज डॉलर मोजून. मासिमो म्हणजे हॉस्पिटलसाठी पल्स ऑक्सिमीटर आणि तत्सम उपकरणं बनवणारी कंपनी! जमलं नाही. मे २०२५ मध्ये हाच व्यवसाय हरमनला ३५ कोटी डॉलरला विकायचं ठरलं. तीन वर्षांत किंमत जवळजवळ एक-तृतीयांशावर.

ओंक्योची गोष्ट याहून वाईट. १९४६ पासूनची ही जपानी कंपनी. पायोनियरचा होम ऑडिओ व्यवसायही तिच्याकडेच आला होता. मे २०२२ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. ओंक्यो हे नाव त्याआधीच अमेरिकेच्या व्हॉक्स कंपनीकडे गेलं होतं आणि २०२५ मध्ये व्हॉक्सला जेन्टेक्सने घेतलं. जेन्टेक्सची मुख्य ओळख म्हणजे गाड्यांमधले आपोआप मंद होणारे आरसे.

यातून काय दिसतं? रिसीव्हर चांगले बनतात, पण धंदा म्हणून तो अवघड झालाय. लोक साउंडबारकडे वळले, आणि दर काही वर्षांनी नवीन एचडीएमआय येतं म्हणून सगळी मॉडेल्स पुन्हा बनवावी लागतात. या पार्श्वभूमीवर सॅमसंगसारखा खिसा भरलेला मालक मिळणं ही डेनॉन-मरांट्झसाठी वाईट गोष्ट नाही. हरमनकडे जेबीएल, हरमन कार्डन, आर्कॅम अशी नावं आधीपासून आहेत, आणि २०१७ मध्ये सॅमसंगने हरमन घेतल्यानंतरही ही नावं चालू राहिली.

मग काळजी कशाची?

काळजी आहे ती फॉरमॅटची. सॅमसंगचा आणि डॉल्बीचा संबंध थोडा विचित्र आहे. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी अॅटमॉस हा आवाजाचा फॉरमॅट चालवतात, पण डॉल्बी व्हिजन हा चित्राचा फॉरमॅट देत नाहीत. त्याऐवजी एचडीआर१०+ देतात. जानेवारी २०२५ मध्ये सॅमसंग आणि गुगलने मिळून एक्लिप्सा ऑडिओ आणला. अॅटमॉससारखाच आवाज सगळीकडून देणारा, पण खुला फॉरमॅट. २०२५ च्या सॅमसंग टीव्हींमध्ये तो आलाही.

आता सॅमसंगच्या हातात टीव्हीही आहे आणि रिसीव्हरही. उद्या डेनॉनमधून अॅटमॉस काढून टाकतील का? मला तसं वाटत नाही. रिसीव्हर विकला जातो तोच मुळी 'सगळं चालतं' या भरवशावर. हरमननेही साउंड युनायटेडला स्वतंत्र विभाग म्हणून चालवू असंच सांगितलंय. जास्त शक्यता याची आहे की नवीन सोयी आधी सॅमसंग टीव्हीसोबत नीट चालतील आणि बाकीच्यांना उशिरा मिळतील.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आज डब्यावर जे लिहिलंय आणि दुकानात जे चालवून दाखवलं जातंय, त्याचेच पैसे द्या. 'पुढच्या अपडेटमध्ये येईल' या वाक्याचे पैसे देऊ नका. हे मी उगाच म्हणत नाही.

२०२० चा धडा

२०२० मध्ये नवीन एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन आले. त्यांच्यासाठी म्हणून डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाने एचडीएमआय २.१ चे रिसीव्हर आणले. लोकांनी ते घेतले. मग कळलं की आतल्या एचडीएमआय चिपमध्येच गडबड आहे. एक्सबॉक्स सीरिज एक्सवरून ४के चित्र १२० हर्ट्झला पाठवलं की पडदा काळा. हे सॉफ्टवेअरने सुटणारं नव्हतं. डेनॉन-मरांट्झने ग्राहकांना बाहेरून जोडायचा एक अॅडॉप्टर दिला, यामाहाने आतला बोर्ड बदलून द्यायचं ठरवलं. पण ज्याने पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली, तो महिनोन्महिने वाट बघत बसला.

बरं, 'एचडीएमआय २.१' या शब्दावरही विसंबू नका. नियमांप्रमाणे २.१ मधल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. त्यामुळे नुसतं २.१ लिहिलंय यावरून ४के १२० चालेलच असं नाही. स्पेसिफिकेशनमध्ये 'गिगाबिट प्रति सेकंद' हा आकडा शोधा. २४ की ४०? किती पोर्टवर? तीनच पोर्टवर असेल तर ते तीन कुठले?

आणि यातून सुटायची एक सोपी वाटही आहे. कन्सोल सरळ टीव्हीला जोडा आणि टीव्हीवरून ई-आर्कने आवाज रिसीव्हरला द्या. चित्र रिसीव्हरमधून जातच नाही, त्यामुळे त्याच्या एचडीएमआयची चिंता नाही. जून २०२५ मध्ये ९६ गिगाबिटचं एचडीएमआय २.२ जाहीर झालंय. 'थांबू का त्याच्यासाठी?' असं विचारणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. टीव्ही बदला, रिसीव्हर तसाच राहू द्या.

मात्र ई-आर्क हवंच. साध्या आर्कमधून ओटीटीवरचा दाबलेला अॅटमॉस जाऊ शकतो, पण ब्लू-रे किंवा कन्सोलचा पूर्ण दर्जाचा आवाज जात नाही. शिवाय दोन्हीकडे असायला हवं. टीव्हीला फक्त आर्क असेल तर रिसीव्हरच्या ई-आर्कचा उपयोग नाही.

वॅटचा खेळ

घरात कधी काळी तो काळा टॉवर स्पीकर होता का, ज्यावर हजारोंमध्ये 'पीएमपीओ' वॅट लिहिलेले असायचे? प्लगमधून येते त्याहून जास्त ताकद तो स्पीकरमध्ये कुठून आणायचा, हे कुणी विचारलं नाही. रिसीव्हरमध्ये इतकी थापेबाजी नाही, पण आकडा फुगवला जातोच.

एकाच रिसीव्हरचे दोन आकडे दिसतील. एक असेल साधारण असा: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, ८० वॅट. दुसरा: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल, १० टक्के विकृती, आणि वॅट मात्र दीडपट-दुप्पट. पहिला खरा धरा. अमेरिकेत वॅट कसे मोजून सांगायचे याचा नियम १९७४ पासून आहे आणि २०२४ मध्ये तो आणखी घट्ट केला गेला, तो याच फुगवाफुगवीमुळे.

आता गंमत बघा. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घ्या. म्हणजे १ वॅट दिला की एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज. तुम्ही तीन मीटरवर बसलाय, म्हणजे साडेनऊच्या आसपास डेसिबल कमी. १० वॅट दिले की १० डेसिबल जास्त. हिशोब होतो सुमारे ८८ डेसिबल, तेही एकाच स्पीकरचा. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये हा आवाज भरपूर झाला, शेजारचे काका बेल वाजवतील इतका. ५० वॅट आणि ८० वॅट यांच्यात फरक पडतो फक्त २ डेसिबलचा. म्हणून २० वॅट जास्त मिळतात म्हणून वरचं मॉडेल घेऊ नका. घ्यायचंच असेल तर चॅनल, ई-आर्क किंवा चांगल्या रूम करेक्शनसाठी घ्या.

खोली आधी, मॉडेल नंतर

दुकानात जायच्या आधी हॉलमध्ये उभं राहून ठरवा, स्पीकर किती आणि कुठे.

सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला आहे? आपल्याकडे बहुतेक घरांत असतोच. मग ७.१ चा हट्ट सोडा, मागचे स्पीकर ठेवायला जागाच नाही. पुढे तीन, बाजूला दोन आणि एक सबवूफर, म्हणजे ५.१ उत्तम. अॅटमॉस हवं असेल तर वर निदान दोन स्पीकर लागतात, म्हणजे ५.१.२. त्याला सात चॅनलचा रिसीव्हर लागतो. पाच चॅनलचा घेऊन 'अॅटमॉस नंतर करू' असं होत नाही.

फॉल्स सीलिंग करणार असाल तर वायरिंग तेव्हाच टाकून घ्या. नंतर केसिंग-कॅपिंगच्या पट्ट्या भिंतीवरून फिरतात आणि घरात त्यावरून जी चर्चा होते ती वेगळीच. भाड्याच्या घरात असाल तर सीलिंगचा नाद नको.

रिसीव्हर गरम होतो. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका, वर चार-सहा इंच मोकळी जागा द्या. अर्थिंग तपासा. स्पीकरमधून सतत 'हूं' असा आवाज येत असेल तर अनेकदा दोष रिसीव्हरचा नसतो, अर्थिंगचा किंवा केबल टीव्हीच्या वायरचा असतो.

आणि सबवूफर. त्याचा आवाज भिंतीतून आणि स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जातो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक व्हॉल्यूम' असतो, तो वापरा. स्फोट खाली येतात, संवाद वर येतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव येत नाही.

सोबत माइक मिळत असेल तर रूम करेक्शन नक्की चालवा. यामाहात वायपाओ, डेनॉन-मरांट्झमध्ये बहुतेक मॉडेल्सना ऑडिसी, काही वरच्या मॉडेल्सना डिराक. पंखा बंद करून, घरच्यांना दहा मिनिटं गप्प बसवून. फुकटात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

मग घ्यायचा की नाही?

तुमचं बहुतेक ऐकणं फोनवरून यूट्यूब आणि गाणी एवढंच असेल तर पाच चॅनलचा रिसीव्हर नको. दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर आणि साधा स्टिरिओ अॅम्प्लिफायर त्याच पैशात जास्त आनंद देतील. दर वर्षी घर बदलत असाल तर साउंडबार बरा.

सिनेमे, सीरिज, गेम असं सगळं असेल आणि हॉल तुमच्या ताब्यात असेल तर रिसीव्हर घ्या. एकूण बजेटच्या एक-तृतीयांशापेक्षा फार जास्त त्यावर घालू नका, बाकी स्पीकर आणि सबवूफरला ठेवा. मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर ई-आर्क बघून खुशाल घ्या.

ऑर्डर करण्याआधी तीन गोष्टी मात्र विचारा. वॉरंटी भारतातली आहे का, की बाहेरून आणलेला माल आहे? बाहेरून आणलेला ११० व्होल्टचा तुकडा स्वस्त पडतो आणि इथल्या २३० व्होल्टवर एका क्षणात जातो. सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे, की खोकं पुण्या-मुंबईला पाठवायचं? आणि मालक बदलल्यावर वॉरंटी कोण पाळणार? डीलरकडून हे उत्तर तोंडी घेऊ नका. बिलावर किंवा मेलवर लिहून घ्या. मालक बदलतच राहणार आहेत, तुमच्या हातात बिल तेवढं पक्कं असू द्या.