जीपीएस यंत्र निवडाल, पण नकाशाचे काय?

नाशिक (प्रतिनिधी) - जानेवारी २०२१ मध्ये मध्यरात्रीनंतर कळसूबाईकडे निघालेली पुण्याची एक मोटार अकोले तालुक्यातील कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्यात शिरली. सोबतचे दोघे पोहून बाहेर आले, चालकाचा मात्र बुडून मृत्यू झाला. मोबाइलवरील नकाशाने दाखवलेला रस्ता त्यांनी धरला होता आणि त्या रस्त्यावरील पूल पाण्याखाली होता.

अशा दुर्घटनांचे खापर सर्रास 'जीपीएस'वर फोडले जाते. वस्तुतः उपग्रहाच्या संदेशावरून यंत्राला कळते ते एवढेच, की आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहोत. पुढे रस्ता आहे की पाणी, हे नकाशाने सांगायचे असते. नाशिकहून दर शनिवार-रविवारी हरिहर, साल्हेर किंवा हरिश्चंद्रगडाकडे निघणारी तरुण मंडळी यंत्र घेताना दुकानात पहिला प्रश्न विचारतात तो मात्र 'किती उपग्रह पकडते?' हा. नकाशा कोणाचा आणि तो कधीचा, हे क्वचितच विचारले जाते.

या सवयीचे मूळ जुन्या काळात आहे. नागरी वापराच्या संदेशात अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकली आणि शंभर मीटरच्या आसपास असणारी चूक वीस मीटरच्या घरात आली. त्यानंतरच्या काही वर्षांत हातात मावणारा संगणक, म्हणजे पीडीए, दिशादर्शनासाठी वापरण्याची टूम निघाली. संगणक एका कंपनीचा, त्याच्या खाचेत बसणारा किंवा ब्लूटूथने जोडला जाणारा ग्राहक दुसऱ्या कंपनीचा आणि नकाशाची प्रणाली तिसऱ्याचीच, असा तो संसार असे. ग्राहकात कोणती चिप आहे यावर खरोखरच सारे अवलंबून होते. 'सर्फस्टार-३' चिप आल्यावर झाडीतही स्थान मिळू लागले, याचे त्या वेळच्या हौशी मंडळींना केवढे अप्रूप! आज मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोनही सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक स्थान दाखवतो. निवडीचा कस आता ग्राहकावर लागत नाही, तो लागतो नकाशावर.

तरीही यंत्राच्या बाबतीत दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. पहिली, दुहेरी वारंवारता. एल-१ च्या जोडीला एल-५ पट्ट्यातील संदेश घेणारा फोन भद्रकाली किंवा पंचवटीच्या बोळांत भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या संदेशांना तुलनेने कमी फसतो. दुसरी गोष्ट 'नाविक'ची. इस्रोच्या या स्वदेशी प्रणालीचा उल्लेख आता फोनच्या जाहिरातीत अभिमानाने होतो आणि तो असायलाही हवा. परंतु जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, तोवर सोडलेल्या ११ उपग्रहांपैकी केवळ चार स्थाननिश्चितीची सेवा देत होते. स्थान काढण्यासाठी किमान चार उपग्रह दिसावेच लागतात. अनेक उपग्रहांतील परदेशी बनावटीची अणुघड्याळे बंद पडली. मे २०२३ मध्ये स्वदेशी रुबिडियम घड्याळासह सोडलेला एनव्हीएस-०१ कार्यरत झाला, पण जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. तेव्हा नाविक असेल तर उत्तम, पण केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. 'तिथे रेंज नाही, म्हणजे जीपीएस चालणार नाही' हे वाक्य गडाच्या पायथ्याशी हमखास कानी पडते. उपग्रहाचा संदेश घेण्यासाठी ना सिमकार्ड लागते, ना इंटरनेट. उपग्रह आत्ता कोठे आहेत याची माहिती फोनला नेटवर्कवरून चटकन मिळते, एवढाच फरक. नेटवर्क नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून दरीत उतरण्यापूर्वी मोकळ्यावर काही मिनिटे थांबून स्थान पक्के करून घ्यावे. रेंजअभावी खरोखर अडतो तो नकाशा, कारण तो बहुधा इंटरनेटवरून येत असतो.

त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवणे हाच पर्याय उरतो. गुगल मॅप्समध्ये तशी सोय आहे, मात्र तिचा भर मोटाररस्त्यांवर. पायवाटांसाठी 'ओपनस्ट्रीटमॅप' या स्वयंसेवकांनी तयार केलेल्या नकाशावर चालणारे 'ऑस्मअँड' किंवा 'ऑर्गॅनिक मॅप्स' अधिक उपयोगी पडतात. अर्थात एखादी वाट कोणा हौशी गिर्यारोहकाने नोंदवली असेल तरच ती तेथे दिसणार. 'मॅपमायइंडिया'चे 'मॅपल्स' हे देशी उत्पादनही स्पर्धेत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरील पूर्वपरवानगीचे जोखड भारतीय कंपन्यांच्या मानेवरून उतरवल्याने हे क्षेत्र बरेच मोकळे झाले.

उतरवलेला नकाशा शिळा होतो, ही त्याची दुसरी बाजू. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याआधी उतरवलेला नकाशा घेऊन मुंबईला निघालेल्याला यंत्र कसारा घाटातूनच नेणार. येथे फार तर अर्धा-पाऊण तास वाया जाईल, कोतूळला माणूस गेला.

सिंहस्थात हा प्रश्न लाखो अनोळखी माणसांपुढे येतो. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान, अशा तारखा जून २०२५ मध्ये जाहीर झाल्या. पर्वकाळात शहराबाहेरच वाहनतळ, एकेरी मार्ग आणि बंद पूल, असे नियोजन असते व ते गर्दी पाहून तासातासाला बदलते. यंत्र रामकुंडाचा जवळचा रस्ता दाखवील आणि त्याच रस्त्यावर पोलिसांचे लोखंडी अडथळे असतील. वाहतूक शाखेचे बदल नकाशा कंपन्यांपर्यंत त्याच दिवशी पोहोचवण्याची व्यवस्था प्रशासनाने केली, तर परगावच्या भाविकांची मोठी पायपीट वाचेल.

राहिला प्रश्न स्वतंत्र हातयंत्राचा. गार्मिनसारख्या यंत्रांना बटणे असतात. जुलैच्या धुवाधार पावसात ओल्या बोटांना स्पर्शपटल दाद देत नाही, तेव्हा त्यांची किंमत कळते. शिवाय अनेक नमुन्यांत साध्या पेन्सिल सेलवर काम भागते. गटाच्या म्होरक्याने असे एक यंत्र बाळगावे. इतरांना उतरवलेला नकाशा असलेला फोन, पॉवर बँक आणि प्लॅस्टिकची पिशवी पुरे. रात्री अनोळखी रस्त्याने जायचे असल्यास शेवटच्या गावातील हॉटेलवाल्याला पूल सुरू आहे का, हे विचारून घ्यावे.