पऱ्हाटीची फळी आपल्या उन्हात टिकेल का?

वेचणी संपली की पऱ्हाटीचं काय करायचं, हा दरवर्षीचा प्रश्न. सिल्लोड असो की पैठण, थोडी चुलीला जाते, थोडी बांधावर पडून गुलाबी बोंडअळीला आसरा देते, उरलेली पेटवली जाते. हेक्टरी दोन-तीन टन माल असा जातो. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (स्थापना १९२४) पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र बसवले आहे. पण साधा पार्टिकल बोर्ड घरातल्या कपाटाचा. पावसात तो फुगतो.

दुसरा प्रकार म्हणजे भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून काढलेली फळी. दुकानदार तिला डब्ल्यूपीसी म्हणतात आणि ‘पाणी नाही, वाळवी नाही’ असं सांगून गोठ्याच्या दारालाही देतात. इथे जरा थांबा.

युरियाची रिकामी गोणी उन्हात ठेवून पाहा, काही महिन्यांत तिच्या चिंध्या होतात. ठिबकची काळी नळी मात्र वर्षानुवर्षे टिकते, कारण तिच्यात काजळी असते आणि ती सूर्याचे अतिनील किरण अडवते. फळीचं गणित असंच, पण दुहेरी. ऊन काडीतलं लिग्निन तोडतं, पाऊस ते धुऊन नेतो, फळी राखाडी पडते. वरचं प्लास्टिक खडूसारखं पांढरं होऊन बारीक तडकतं. त्या भेगांतून पाणी आतल्या काडीपर्यंत जातं. काडी फुगते, उन्हात आकसते, भेग रुंदावते. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा आणि जूनमध्ये पाऊस, म्हणजे आपल्याकडे ही ओढाताण फार. पऱ्हाटीला पुढेमागे भाव मिळायचा असेल, तर तिची फळी आधी यातून तगली पाहिजे.

आणखी एक. बाजारातल्या बऱ्याच डब्ल्यूपीसी फळ्या मुळात पीव्हीसीचा फेस असतात, भुसा नावापुरता. आतल्या दाराला त्या चालतात. छताच्या आडव्याला कोणतीच प्लास्टिक फळी लावू नका. उन्हात तापली की वजनाने झोल येतो.

घेण्यापूर्वी एक तुकडा मागा. तो वजन करून दिवसभर बादलीत बुडवा, पुसून पुन्हा तोला. वजन चांगलंच वाढलं तर ती फळी अंगणात नको. हमीपत्रावर ‘बाहेरच्या वापरासाठी’ असं लिहून घ्या; तोंडी हमी पहिल्या पावसात वाहून जाते. बसवताना कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं रंगाने बुजवा, पाणी तिथूनच शिरतं. दोन फळ्यांमध्ये थोडी फट ठेवा, कारण उन्हात ती लांबीला वाढते.