कॅड येतं? मग सहाचं सव्वासहा करून दाखव!

‘तुला कॅड येतं ना? कितपत येतं?’

हा प्रश्न आला की आपली पंचाईत होते. इंजिनीअरिंगवाल्यांकडे दाखवायला मार्क असतात, नोकरी करणाऱ्याच्या चुका काढायला साहेब असतो. पण रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून निव्वळ हौस म्हणून थ्रीडी मॉडेलं करणाऱ्याने स्वतःला मोजायचं कशाने? मग आपण सोपं काहीतरी धरतो. एक तर बायोमध्ये ‘कॅड डिझायनर’ लिहून मोकळे होतो, नाहीतर तीन वर्षं झाली तरी ‘अरे, मी बिगिनरच आहे’ म्हणत बसतो. माझ्या मते या दोन्ही थापा. एक जगाला मारलेली, दुसरी स्वतःला.

मी पहिल्या गटातला. फ्यूजन शिकलो यूट्यूबवर. ट्युटोरियलमागून ट्युटोरियल पाहत पिस्टन झाला, ड्रोनची फ्रेम झाली, चकाचक रेंडर स्टेटसला लागले. मग उन्हाळ्यात घरच्या कूलरचा नॉब तुटला. बाबा पक्कड लावून स्पीड बदलायला लागले. आई म्हणाली, ‘एवढा ड्रोन बनवतोस, हा एक नॉब बनव की!’

व्हर्नियर लावला. स्विचचा शाफ्ट ६ मिमी, एका बाजूने सपाट, इंग्रजी ‘डी’सारखा. मी भोकही ६ मिमीचंच दिलं आणि ओळखीच्याकडून प्रिंट करून आणलं. नॉब शाफ्टवर जाईचना! सहाच्या शाफ्टवर सहाचं भोक सहज सरकणार कसं? त्यात थ्रीडी प्रिंटरवर भोक बहुतेक वेळा जरा लहानच येतं. थोडी ढील सोडावी लागते, हे कुणीतरी सांगितलंही असेल. पण मी व्हिडिओतला आकडा तसाच्या तसा टाइप करण्यात गुंग होतो.

ठीक आहे, सहाचं सव्वासहा करू, म्हटलं. आकडा बदलला आणि अख्खं मॉडेल विस्कटलं. कडांची गोलाई गायब, वरची खूण भलतीकडेच, टाइमलाइनवर एररची रांग. कारण साधं होतं. माझ्या स्केचमधल्या रेषा नुसत्या नजरेने ठेवलेल्या. त्यांना ना माप, ना एकमेकींशी काही नातं. फ्यूजनमध्ये अशा मोकळ्या रेषा निळ्या दिसतात, पूर्ण बांधल्या की काळ्या होतात. फ्रीकॅडमध्ये पूर्ण बांधलेलं स्केच हिरवं होतं. सॉफ्टवेअर मला रोज सांगत होतं, मी बघत नव्हतो.

तेव्हा पटलं, की कॅड म्हणजे चित्र काढणं नाही, नाती बांधणं आहे. आणि हे काही आजचं नाही. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत ‘स्केचपॅड’ मांडला, त्यातही रेषांना अटी घालण्याची सोय होती. सॉलिडवर्क्सच्या संमेलनातली ‘मॉडेल मेनिया’ ही स्पर्धा बघा. आधी ड्रॉइंगवरून भाग बनवायचा, मग त्याच भागात बदल करायचे. घाईघाईत कसंही रचलेलं मॉडेल दुसऱ्या फेरीत अडकतं. त्यांच्या सीएसडब्ल्यूए या सुरुवातीच्या सर्टिफिकेट परीक्षेतही मापं बदलायला लावून नवं वजन विचारतात. म्हणजे खरी परीक्षा बनवण्याची कमी, बदलण्याची जास्त.

म्हणून हौशी मंडळींनी स्वतःला चार प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. ट्युटोरियल बंद करून घरातली एखादी वस्तू मोजून बनवता येते का? महिन्याभराने त्यातलं एक माप बदललं तर मॉडेल शाबूत राहतं का? बनवलेली वस्तू दुसऱ्या वस्तूत नीट बसते का, म्हणजे डब्याला झाकण, शाफ्टला नॉब? आणि तुमचं ड्रॉइंग हातात घेऊन लेथवाले काका तुम्हाला एकही फोन न करता तो भाग बनवू शकतील का?

यात कुठल्या सॉफ्टवेअरवर, किती कमांड पाठ, किती तास घातले, हे कुठेच नाही. टिंकरकॅडला पोरखेळ म्हणून नाकं मुरडणारे खूप. पण त्यात कुणी घट्ट बसणारं झाकण बनवत असेल, तर नॉब न बसलेल्या माझ्यापेक्षा तो पुढेच. ब्लेंडरमध्ये मूर्ती घडवणाऱ्यांची कला वेगळी, त्यांना ही पट्टी लावू नका.

ही पट्टी सगळ्यात जास्त गरजेची आहे ती दुसऱ्या गटाला. माझी एक मैत्रीण कॉमर्सची. फ्रीकॅडमध्ये तिने आजीच्या शिलाई मशीनसाठी रिळाची खुंटी बनवली. दोनदा माप बदललं, तिसऱ्या प्रिंटला खुंटी बसली. कॉलेजच्या रोबोटिक्स टीमला डिझाइनला माणूस हवा होता. ही गेलीच नाही. ‘मी बिगिनर, तिथे सगळे मेकॅनिकलवाले.’ चारपैकी तीन प्रश्नांना तिचं उत्तर ‘हो’ आहे. जागा गेली ती स्किल नाही म्हणून नव्हे, स्किल मोजलंच नाही म्हणून.

तेव्हा ‘कितपत येतं?’ला बिगिनर-ॲडव्हान्स्ड असलं उत्तर देऊच नका. काय बनवलंय आणि काय अजून जमत नाही, ते सांगा. मी बायो बदललाय. ‘कूलरचा नॉब बनवलाय, चालू आहे. ड्रॉइंग अजून कच्चं.’ लाइक्स कमी येतात. पण बाबांची पक्कड परत टूलबॉक्समध्ये गेलीये.